भैरूच्या घरी कोण आहे

परवा माझी लेक मुग्धा तणतणत घरी आली. तिच्या मित्रमंडळींचा खेळ दर आठवड्याला बेव्हर्ली पार्कातल्या एका मैत्रिणीच्या घरी बसतो आणि गोष्ट सांगण्याचं, म्हणजे खरं तर सगळ्यांना सांभाळण्याचं काम तिच्याकडे असतं. त्यात एक मुलगा आहे, तो म्हणे काही ऐकतच नाही. दार दिसलं की लाथ घालतो, पहारेकरी दिसला की तलवार उपसतो, स्वतः मरतो आणि जाताना बाकीच्यांनाही घेऊन जातो. मी काय करू त्याचं, असं तिने मला विचारलं, म्हणजे फ्रीजला विचारलं, कारण ती तेव्हा फ्रीजमध्ये डोकं घालून पाण्याची बाटली शोधत होती. मी म्हटलं, खेळातल्या त्याच्या माणसाच्या घरी कोण आहे ते विचार. ती म्हणाली, "घरी कोण असणार? आई, सगळे अनाथच असतात. आईबाप मेलेले, गाव जळलेलं. तसंच असतं ते." मला हसू आलं आणि मग मी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत बसले. या आठवणी लिहायला घेतल्यापासून हे एक प्रकरण मी पुढे ढकलत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धा कामावर गेली आणि मी लिहायला बसले.

आम्ही गिरगावातून मीरा रोडला आलो ते पूनम सागरमधल्या दुसऱ्या मजल्यावर. जागा लहानच होती, पण घरात स्वतःचा संडास होता, आणि बाबांना त्याचं इतकं कौतुक की आलेल्या पाहुण्याला ते आधी तोच दाखवत. मागच्या खिडकीतून तेव्हा मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग लागायचे आणि वारा फिरला की घरभर खारट, ओलसर वास यायचा. आता त्याच खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसतो आणि त्यांची मालिका कुठवर आली तेही कळतं. समोरच्या दारात माझ्या मित्राच्या, जिग्नेशच्या घरातला झोपाळा दिवसभर कुरकुरत असे, खाली भंगारवाला ओरडत असे, लांबून अजान ऐकू येई, आणि या सगळ्याच्या मधेच जिन्यातून कोणीतरी "पानी आया" म्हणून हाक मारी. मग हातातलं असेल ते टाकून सगळ्या मजल्यांवरची माणसं पिंपं भरायला धावत. ती हाक आता कोणी मारत नाही, पण अजूनही कधी दुपारी डोळा लागला तर मी दचकून उठते आणि बादली शोधते.

रविवारी दुपारी बाबा तोंडावर पेपर घेऊन झोपायचे आणि आई परातभर मोड आलेले वाल घेऊन हॉलमध्ये बसायची. आईचं माहेर अलिबागकडचं, त्यामुळे रविवारी संध्याकाळी वालाचं बिरडं हे आमच्याकडे ठरलेलं. ज्याने वाल सोलले नाहीत त्याला त्यात काय ते कळणार नाही. भिजून फुगलेला एकेक दाणा बोटांत धरायचा, साल बाजूला काढायची, आतली डाळिंबी अख्खी बाहेर आली पाहिजे आणि तिचा मोड तुटता कामा नये. दोन तास मान मोडून बसावं तेव्हा एका वेळचं होतं. माझ्या मित्रांनी हॉलमध्ये येऊन आरडाओरडा करायला आईची हरकत नव्हती, अट एवढीच होती की हात रिकामे ठेवायचे नाहीत. म्हणून आमचा खेळ वालाच्या परातीभोवती बसला, आणि पुढे सालांचे ढीग म्हणजे डोंगर आणि डाळिंब्या म्हणजे शत्रूचं सैन्य झालं. मेलेलं सैन्य संध्याकाळी फोडणीत पडायचं.

हा खेळ माझ्या हाती आला तो मामामुळे. मामा मालवाहू जहाजावर होता. कुठल्याशा बंदरात जुन्या सामानाच्या दुकानात त्याला एक खोका मिळाला, त्यात रंगीत फासे आणि एक इंग्रजी पुस्तक होतं. भाचीला अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून त्याने तो आणला. समुद्राच्या दमट हवेने पुस्तकाची निम्मी पानं एकमेकांना चिकटली होती, ती उघडायला गेलं की फाटत. राहिलेली पानं मी शब्दकोश घेऊन वाचली आणि चिकटलेल्यांतले नियम मनाने घातले. खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची: तुम्ही खाडीच्या काठावर उभे आहात, पलीकडे किल्ला आहे, होडी एकच आहे आणि होडीवाला झोपलाय. बाकीच्यांनी आपला माणूस आता काय करतो ते सांगायचं. ते जमेल की नाही अशी शंका असली तर वीस तोंडांचा फासा टाकायचा. वीस पडले तर देव पावला, एक पडला तर कारभार आटोपला. गोष्ट सांगणाऱ्याला पुस्तकात मास्टर म्हटलं होतं. मला लहानपणापासून हुकूम सोडायला आवडतं, त्यामुळे मास्टर कोण हा प्रश्न आमच्यात कधी आलाच नाही.

खेळणारे तिघं. समोरचा जिग्नेश, जो आपल्या माणसाकडे किती बाण उरले ते दर वेळी मोजून सांगायचा आणि भांडण झालं की आधी समोरच्याशी भाव करायला जायचा. दुसरा मॅक्सी, माझ्या कॉलेजातला, भाईंदरपलीकडच्या चौक गावच्या कोळ्यांचा. तो बसने यायचा आणि त्याच्या पिशवीत आईसाठी सुके बोंबील असायचे, म्हणून जिग्नेश कायम खिडकीपाशी बसायचा. मॅक्सी फार बोलत नसे, पण गोष्टीत पाणी आलं की पहिला तोच भरती आहे का ओहोटी ते विचारी. आणि तिसरा दिनेश. मूळचा रोह्याकडचा, भाईंदरला काकांकडे राहून आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकत होता. मॅक्सीची आणि त्याची बसस्टॉपवरची ओळख, आणि एका रविवारी मॅक्सी त्याला घेऊन आला. तो आला, बसला, न सांगता परात पुढे ओढली आणि आमच्या तिघांपेक्षा भराभर वाल सोलायला लागला. आई तेव्हाच खूश झाली.

वाल सोलताना तो जितका नीट, तितकाच खेळताना बेफाम. बाकीचे दोघं पहारेकऱ्याशी गोड बोलून आत शिरायच्या बेतात असताना दिनेशचा माणूस त्या पहारेकऱ्याच्या मुस्काटात मारायचा. अनोळखी बाटली सापडली की पिऊन टाकायचा. एकदा तर सगळे ज्या धर्मशाळेत झोपले होते तिलाच त्याने आग लावली, कारण म्हणे थंडी होती. तो मेला की हसत पाठीमागे रेलायचा आणि म्हणायचा, "नवीन कागद दे, शुभा." पाच मिनिटांत नवा माणूस तयार. नाव वेगळं, बाकी सगळं तेच. मी विचारायची, हा कुठला, घरी कोण. तो म्हणायचा, कोणी नाही, लिही पुढे.

मी काय काय केलं ते आठवलं की आज माझंच मला हसू येतं. आधी त्याला समजावलं. मग पुस्तकात सांगितलं होतं तसं अद्दल घडवायचं ठरवलं आणि त्याच्या माणसावर दरड कोसळवली. त्याला दरड फार आवडली. मग त्याला लाच म्हणून एक जादूची तलवार दिली, तर तिने त्याने होडीच कापली, आणि होडीत बाकीचे दोघं बसलेले होते. ज्याचं जाण्यासारखं काही नाही त्याला तुम्ही भीती दाखवू शकत नाही आणि आमिषही दाखवू शकत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढे संसारात आणि नोकरीतही त्याचा उपयोग झाला. होडी बुडाली त्या दिवशी जिग्नेश शांतपणे उठला, हात झटकले आणि मला जिन्यात बोलावून म्हणाला, "हे बघ शुभा, आता या तो दिन्या खेलेगा या मैं. मी सिरीयस आहे." मॅक्सीनेही मान हलवली. खेळ मोडणार हे मला स्पष्ट दिसत होतं. दिनेशला येऊ नकोस म्हटलं तर खेळ वाचला असता. पण रविवारी तीन वाजले की माझं लक्ष जिन्यातल्या पावलांकडे असायचं आणि ती पावलं जिग्नेशची नसायची. मला दिनेश आवडायचा. आता हे लिहायला हरकत नसावी. माझ्या नवऱ्याने हे पान वाचलं आणि शुद्धलेखन बरं आहे एवढंच म्हणाला.

तोड काढली आईने, तीही नकळत. आई टेलिफोन खात्यात होती. थेट बाहेरगावी फोन लागायला लागण्याआधी तिने कितीतरी वर्षं ट्रंक कॉल जोडले होते. तेव्हा गावात एखाद्याच घरी फोन असे, म्हणून लोक अमक्याच माणसाशी बोलायचंय असं सांगून कॉल लावत, त्याला पीपी म्हणायचे. तो माणूस लाइनवर आला नाही तर 'पार्टी मिळत नाही' म्हणायचं, आणि कॉल झाला असं धरत नसत. त्या सवयीने आई कुठल्याही गोष्टीत आधी माणसं विचारायची. कोणाकडून, कोणासाठी, आणि फोनपाशी आत्ता कोण आहे. होडीचा प्रकार झाला त्या संध्याकाळी बिरड्याला फोडणी देता देता तिने मला विचारलं, दिनेशची ही माणसं दर रविवारी मरतात, त्यांच्या घरी कळवतं कोण? मी म्हटलं, त्यांना घर नसतं. ती म्हणाली, मग मरायला काय जातंय त्यांचं.

पुढच्या रविवारी मी दोन नवे नियम जाहीर केले. पुस्तकात ते नव्हते, पण चिकटलेल्या पानांत असतील असं मी छातीठोकपणे सांगितलं. एक, माझ्या खेळात कोणी अनाथ असणार नाही. प्रत्येकाच्या घरी वाट पाहणारं एक तरी माणूस पाहिजे आणि ते कोण, ते निघताना काय म्हणालं, हे सांगितल्याशिवाय फासा हातात मिळणार नाही. दोन, कोणी मेला तर बाकीच्यांनी त्याच्या घरी जाऊन निरोप द्यायचा. घरी कळेपर्यंत माणूस गेला असं धरायचं नाही. जिग्नेशने लगेच बायको, दोन मुलं आणि एक दुकान सांगितलं. मॅक्सीने एक म्हातारा बाप सांगितला, जो जाळी विणत दारात बसलेला असतो. दिनेश खाली मान घालून वाल सोलत राहिला. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "माझ्या माणसाचं कोणी नाही. खोटं कशाला लिहू?" त्याचा आवाज चढला नव्हता. त्याची आई लहानपणीच गेलेली, बापाने दुसरं लग्न केलेलं, आणि काकांच्या घरी तो किती वाजता येतो, जेवून येतो की उपाशी, हे विचारणारं कोणी नव्हतं. हे मॅक्सीला माहीत होतं, मला नंतर कळलं.

आई तेव्हा पिठाचा डबा खाली काढत होती. ती तिथूनच म्हणाली, "माझं नाव घाल. त्याची आई. निघताना म्हणाली, लवकर ये, बिरडं गरम आहे तोवर."

दिनेशने वर बघितलं. मग म्हणाला, "घाल. नाव भैरू."

भैरू काही एका दिवसात शहाणा झाला नाही. पण दाराला लाथ घालण्याआधी तो क्षणभर थांबायला लागला. कधी एखादी उडी मारायच्या बेतात असला की स्वयंपाकघराकडे बघून विचारायचा, "आई, मारू का उडी?" आणि आई आतून विचारायची, किती खोल आहे. जिग्नेशची धमकी हवेत विरली. दिनेश तीनच्या ऐवजी दोनला यायला लागला, आणि आईच्या हाताखाली खोबरं किसून द्यायचा. रविवारी रात्रीचं जेवण तो आमच्याकडेच जेवायचा. आई त्याला वाढताना खेळातल्याच सुरात म्हणायची, भैरू, आणखी भात घे, आणि बाबा विचारायचे, हा भैरू कोण. दर वेळी विचारायचे. त्या महिन्यांतलं सगळं मला जसंच्या तसं आठवतं: परातीतल्या पाण्याला येणारा वालाचा उग्र वास, मॅक्सीच्या बोंबलांचा त्याहून उग्र, कपात गार झालेला चहा, आणि पुढ्यात बसलेला दिनेश, त्याच्या नखांत वालाच्या साली. मी पुढे बऱ्यापैकी सुख बघितलं. पण कोणी मला विचारलं, की कुठल्या एका दुपारी परत जाऊन बसायचंय, तर मला विचार करावा लागणार नाही.

ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो आता येतो. गोष्ट अशी चालली होती की दीपगृहातला दिवा चोरीला गेलाय आणि तो आणला नाही तर समुद्रावर गेलेल्या होड्यांना घरची वाट दिसणार नाही. किल्ला मी मॅक्सीच्या गावचाच उचलला होता, खाडी आणि मिठागरं आमच्या मागच्या खिडकीतली. तिघांनी दिवा मिळवला आणि ते मिठागराच्या बांधावरून पळत सुटले. मागे किल्लेदाराची माणसं, समोर खाडी. तिथे जिग्नेशचा फासा वाईट पडला आणि त्याचा माणूस चिखलात कमरेपर्यंत रुतला. मॅक्सी आणि भैरू पुढे निघून गेले होते, दिवा त्यांच्याकडे होता. मी विचारलं, काय करता. मॅक्सी म्हणाला, "पानी भरतंय. आता मागं गेला त्यो परत येनार न्हाय." दिनेश म्हणाला, भैरू मागे जातो.

मी मास्टर होते, पण मला ते नको होतं. मी त्याला सांगितलं की विचार कर, पाणी छातीला लागलंय. त्याने हातातला वाल परातीत टाकला आणि तेच पुन्हा म्हणाला. पूर्वीच्या आणि या बेफिकिरीत काय फरक होता हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं, जिग्नेशला जास्तच. पहिला फासा चांगला पडला. भैरूने जिग्नेशच्या माणसाला ओढून बांधावर ढकललं. दुसरा फासा स्वतः बाहेर येण्यासाठी. तो फरशीवर घरंगळत गेला, परातीच्या काठाला लागला आणि थांबला. एक.

लपवायला मला जागा नव्हती, सगळ्यांना दिसलं होतं. जिग्नेश हळूच म्हणाला की मग आम्ही दिवा घेऊन पळतो, आणि मी मान हलवली. होड्या परत आल्या, गावाने जल्लोष केला, मी ते दोन वाक्यांत उरकलं. आता नियमाप्रमाणे भैरूच्या घरी निरोप द्यायचा होता. ज्याचा जीव वाचला त्याने जावं असं मॅक्सीने सुचवलं. जिग्नेश उठला, शर्ट खाली ओढला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. दोन महिन्यांपूर्वी दिनेशला काढा म्हणणारा हाच.

"आंटी, भैरूची एक न्यूज द्यायची आहे."

आईने गॅस बारीक केला. "बोला," ती म्हणाली. हा तिचा नोकरीतला आवाज, आम्ही घरी तो कधी ऐकत नसू.

जिग्नेशने अडखळत सगळं सांगितलं. चिखल, पाणी, भैरूने कसं ओढून काढलं. आणि मग म्हणाला, "भैरू गेला, आंटी."

"कुठे आहे तो आत्ता?"

जिग्नेशने माझ्याकडे बघितलं. "तिकडेच," तो म्हणाला. "खाडीत. म्हणजे काठाला असेल."

"त्याला तिथेच ठेवून आलात?"

"पाणी भरत होतं ना, आंटी. आणि दिवा आणायचा होता."

"दिवा आणलात ते बरं केलंत," आई म्हणाली. "पण पार्टी मिळत नाही. भैरूची आई लाइनवर आलेलीच नाही, तेव्हा कॉल झाला असं धरू नका. आधी त्याला घेऊन या. मग मला काय ते सांगा."

मी बसल्या जागेवरून म्हटलं की आई, एक पडलाय, आता काही करता येत नाही. ती म्हणाली, फासा तुझा आणि नियमही तुझाच, घरी कळेपर्यंत गेला असं धरायचं नाही. मला कळलेलं नाही. आणि तिने गॅस मोठा केला.

दिनेश भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या बोटांत एक वाल होता, तो त्याने सोललाही नाही आणि खालीही ठेवला नाही. मॅक्सी म्हणाला, जावं लागंल मागं, ओहोटीला. तेव्हा दिनेश उठला, हात धुवून येतो म्हणाला आणि मोरीत गेला. नळ इतका वेळ चालू राहिला की बाबा जागे होऊन पाणी जातंय म्हणून ओरडायला लागले. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि आम्ही सगळे फार मन लावून वाल सोलत होतो.

पुढच्या रविवारी भैरूला आणायला जायचं असं ठरलं. पण पुढच्या रविवारी जिग्नेशच्या मावसभावाचं सुरतेला लग्न निघालं. त्याच्या पुढच्याला मॅक्सीच्या गावचा सण आला. मग माझी परीक्षा. दरम्यान दिनेशच्या काकांनी आखातातल्या एका कंपनीत त्याच्या कामाचं जुळवलं होतं आणि पासपोर्टची धावपळ चालली होती. तरी तो दर रविवारी यायचा, खेळायला माणूस नसताना. आई विचारायची, आणलं का त्याला, आणि मी म्हणायची, सगळे जमू देत. एका रविवारी आम्ही दोघंच परातीशी होतो. आई शेजारी गेली होती, बाबा झोपलेले. मला त्याला पुष्कळ काही विचारायचं होतं आणि मी नुसते वाल सोलत होते. तोच म्हणाला, "ओहोटीला हे लोक गेले, तर भैरू जिता सापडेल का गं?" मी मास्टर. मी मास्टरसारखंच सांगितलं, ते फासा ठरवेल. किती पडायला लागतील, त्याने विचारलं. बरेच, मी म्हटलं. त्याने मान डोलावली आणि पुढचा वाल घेतला.

एका बुधवारी आईची रजा होती. त्या बुधवारी मी कॉलेजातून घरी आले तेव्हा ओट्यावर एक ताट उपडं घालून वाळत ठेवलेलं होतं. बाबा कामावर, मी बाहेर, आई तर देवाधर्माचं सोडून कधी दुपारी ताट वाढून घेत नसे, बशीत घेऊन खाई. मी विचारलं, कोण आलं होतं. आई म्हणाली, दिनेश. व्हिसा अचानक आला, आज संध्याकाळचं विमान. मी घड्याळ बघितलं आणि खुर्चीवर बसले.

त्यानंतर तो मला कधी भेटला नाही. काका भाईंदर सोडून गेले. मॅक्सीला त्याचं एकदा पत्र आलं होतं, त्यात आईला नमस्कार होता. मध्ये मुग्धाने फोनवर शोधून बघितला, तर त्या नावाचे ढीगभर निघाले, सगळे पोट सुटलेले, त्यांतल्या कोणाच्या नखांत वालाच्या साली असतील असं वाटलं नाही. आईला जाऊनही आता काही वर्षं झाली. बिरडं मी करते, पण सोललेले वाल विकत आणते.

त्या संध्याकाळी आई माझ्यासमोर बसली आणि तिने सगळं नीट सांगितलं, कोणाकडून, कोणासाठी, जसा निरोप आला तसा. ती म्हणाली, बेल वाजली, दार उघडलं, तर हा उंबऱ्याबाहेर उभा. आत येईना. म्हणाला, "आई, भैरू आलाय. ओहोटी लागली तसा आपला आपण चालत आला." आई त्याला म्हणाली, हातपाय धुवून घे, रविवारचं बिरडं ठेवलंय थोडं. पोटभर जेवला. ताट स्वतः घासून ठेवलं. आई म्हणाली, शुभा येईलच आता, एवढा वेळ थांब. तर चपला घालता घालता म्हणाला, "नको. ती असली की फासा टाकायला लावेल. आणि हा मला टाकायचा नाहीये."

मी लावला नसता. त्याला सांगायचं राहून गेलंय ते एवढंच. मी घरी असते तर फासा खोक्यात घातला असता, त्याच्यासमोर बसले असते आणि त्याला आणखी थोडा भात वाढला असता.